दोन ठोक्यांमधली शांतता

थंडीच्या दिवसांत आष्टीचा बाजार लवकर मिटतो. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकणाऱ्या घरांत तर रात्र अधिकच लांब वाटते. अशा एखाद्या जानेवारीच्या रात्री, दहाच्या सुमारास, गच्चीवर जाऊन मान पूर्ण मागे टाकली, तर वृषभ राशीचे तारे जवळजवळ डोक्यावर आलेले दिसतात. तांबूस रोहिणी ओळखीची असते. तिच्यापासून बैलाची दोन शिंगे ईशान्येच्या बाजूला पसरलेली कल्पावीत. त्यांपैकी दक्षिणेकडच्या शिंगाच्या टोकाशी मध्यम तेजाचा एक तारा आहे. त्या ताऱ्यापासून जेमतेम एक अंशावर, म्हणजे पूर्णचंद्राचे दोन व्यास शेजारी शेजारी ठेवावेत इतक्या अंतरावर, नुसत्या डोळ्यांना काहीच दिसत नाही. साध्या दुर्बिणीतून तेथे एक धुरकट डाग दिसतो. खगोलशास्त्रज्ञ त्याला क्रॅब तेजोमेघ म्हणतात. मराठी पुस्तकांत तो खेकडा अभ्रिका या नावानेही भेटतो.

आष्टी सुमारे पावणेएकोणीस अक्षांशावर आहे आणि हा तेजोमेघ आकाशात बावीस अंश उत्तरेला. त्यामुळे आष्टीकरांच्या माथ्यापासून तीन-साडेतीन अंशांवरून तो जातो. लंडन-न्यूयॉर्कच्या निरीक्षकांना तो इतका उंच कधीच मिळत नाही. पर्जन्यछायेतल्या तालुक्याला पावसाने फारसे काही दिले नसेल, पण निरभ्र रात्री मात्र हात न आखडता दिल्या आहेत.

हा डाग एका मृत्यूची खूण आहे. इ. स. १०५४ च्या ४ जुलैला चीनमधल्या राजज्योतिषांनी पहाटेच्या पूर्व आकाशात एक नवा तारा पाहिला आणि त्याची नोंद 'पाहुणा तारा' अशी केली. तो २३ दिवस भरदिवसाही दिसत होता आणि रात्रीच्या आकाशात पुढे सुमारे पावणेदोन वर्षे टिकला. त्या वेळी मराठवाड्यावर कल्याणीच्या चालुक्यांचे राज्य होते. पहिला सोमेश्वर गादीवर होता. ज्येष्ठ-आषाढाचे ढग असल्यास सुरुवातीचे काही दिवस इथल्या शेतकऱ्याला तो दिसला नसेल. त्या हिवाळ्यात मात्र तो रात्री डोक्यावरच असला पाहिजे. युरोपात जॉन बेव्हिस यांना १७३१ मध्ये दुर्बिणीतून हा धुरकट डाग प्रथम दिसला. पुढे शार्ल मेसिए यांनी धूमकेतूशी गल्लत होऊ नये म्हणून केलेल्या यादीत त्याला पहिला क्रमांक दिला, आणि लॉर्ड रॉस यांच्या चित्रात तो खेकड्यासारखा दिसला म्हणून ते नाव चिकटले. तेजोमेघ आपल्यापासून सुमारे साडेसहा हजार प्रकाशवर्षे दूर आहे. म्हणजे १०५४ मध्ये पाहिलेला स्फोट प्रत्यक्षात त्याच्याही साडेसहा हजार वर्षे आधी घडून गेलेला होता.

स्फोटानंतर ताऱ्याचा गाभा मात्र उरला. सूर्यापेक्षा अधिक वस्तुमान, आणि व्यास वीस-पंचवीस किलोमीटर, आष्टी तालुक्याच्या हद्दीत मावेल एवढा. यालाच न्यूट्रॉन तारा म्हणतात. १९६८ मध्ये रेडिओ दुर्बिणींनी त्याचा ठोका ऐकला: सेकंदाला सुमारे तीस. पापणी लवण्यास जितका वेळ लागतो तितक्या वेळात हा गोळा स्वतःभोवती जवळजवळ दहा वेळा फिरून येतो. अशा फिरत्या, ठोके देणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्याला पल्सार अथवा स्पंदक असे नाव आहे.

पल्सार फक्त ठोके देत नाही. त्याच्याभोवतीच्या प्रचंड चुंबकीय क्षेत्रातून इलेक्ट्रॉन आणि त्यांचे प्रतिरूप पॉझिट्रॉन प्रकाशाच्या जवळपास वेगाने बाहेर फेकले जातात. हा झाला पल्सारचा वारा. तो दिसत नाही. बाहेर स्फोटाचे जुने द्रव्य असते. त्याला हा वारा अडतो, तिथे आघात होतो, आणि मग अडलेले इलेक्ट्रॉन चुंबकीय रेषांभोवती गिरक्या घेत उजळतात. क्रॅबचा निळसर प्रकाश या गिरक्यांचा आहे, ही कल्पना सोव्हिएत शास्त्रज्ञ श्क्लोव्स्की यांनी १९५३ मध्येच मांडली होती. पल्सार सापडण्याच्या पंधरा वर्षे आधी! तेव्हा या इलेक्ट्रॉनांना ऊर्जा कोण पुरवतो, हे कोडेच होते. आता हिशेब जुळतो: पल्सारचे फिरणे रोज किंचित मंदावते, आणि त्या मंदावण्यातून सुटणारी ऊर्जा आपल्या सूर्याच्या एकूण प्रकाशाच्या सव्वा लाख पट भरते. स्फोटाला हजार वर्षे होत आली तरी हा डाग विझत का नाही, याचे उत्तर या ताळेबंदात आहे.

मग या वाऱ्याचा अभ्यास क्ष-किरणांतच का करायचा? लोहाराच्या भट्टीतून काढलेली सळई आठवावी. विस्तवातले टोक पिवळेजर्द असते, थोडे मागे लाल आणि त्याच्याही मागे काळे. क्ष-किरण देणारा इलेक्ट्रॉन अत्यंत ऊर्जावान असतो आणि म्हणूनच आपली ऊर्जा काही वर्षांत उधळून बसतो. रेडिओ लहरी देणारा संथ इलेक्ट्रॉन हजारो वर्षे तग धरतो. त्यामुळे रेडिओत हा तेजोमेघ मोठा दिसतो, क्ष-किरणांत लहान. पण क्ष-किरणांत दिसतो तो भाग ताजा असतो, नुकताच भट्टीतून निघालेला. वारा पल्सारच्या किती जवळ अडतो आणि कोणत्या दिशेने पसरतो, हे तिथेच कळते. सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांचे नाव दिलेली चंद्रा ही क्ष-किरण दुर्बीण १९९९ च्या जुलैमध्ये अवकाशात गेली आणि काही आठवड्यांतच तिने क्रॅबच्या मध्याशी एक तेजस्वी कडे दाखवले: सुमारे एक प्रकाशवर्ष व्यासाचे, मधून दोन्ही बाजूंना निघालेल्या झोतांसह. नंतरच्या चित्रांत त्या कड्यापासून प्रकाशाच्या निम्म्या वेगाने बाहेर सरकणारे धागेही दिसले. आकाशातली एवढी दूरची गोष्ट माणसाच्या डोळ्यांदेखत, आठवड्या-आठवड्याला बदलते, असे फार क्वचित घडते.

क्ष-किरण खगोलशास्त्रात या तेजोमेघाचे आणखी एक स्थान आहे, आणि व्यापारी घरांना ते लगेच कळेल. एखादा नवा स्रोत किती तेजस्वी हे सांगायचे तर शास्त्रज्ञ 'इतके क्रॅब' किंवा 'इतके मिलिक्रॅब' असे सांगतात. नवे उपकरण अवकाशात गेले की ते प्रथम याच्याकडे वळवायचे आणि त्यावर स्वतःचे माप तपासून घ्यायचे. तागडीतले किलोचे वजनच म्हणा ना. पण २००८ ते २०१० या काळात वेगवेगळ्या उपग्रहांच्या नोंदी ताडून पाहिल्यावर लक्षात आले, की हे वजनच सुमारे सात टक्क्यांनी उतरले आहे. तागडी खोटी नव्हती. मापच हलत होते. त्याच २०१० च्या सप्टेंबरमध्ये त्याने गॅमा किरणांची अनपेक्षित भडकही दिली. तेव्हापासून या मापाचा वापर चालू आहे, पण पूर्वीइतक्या निर्धास्तपणे नव्हे.

क्ष-किरण जमिनीपर्यंत पोचत नाहीत. वातावरण ते गिळून टाकते, आणि आपण जिवंत आहोत ते बऱ्याच अंशी त्यामुळे. त्यांना पकडायचे तर वर जावे लागते. भारतात हे वर जाणे प्रथम फुग्यांनी झाले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे फुगे साठच्या दशकाच्या अखेरीपासून हैदराबादहून उडतात; तीस ते चाळीस किलोमीटर उंचीवर, जिथे हवा नावापुरतीच उरते, तिथे त्यांच्या पोटाशी लटकावलेली उपकरणे काही तास आकाश पाहतात आणि मग रंगीत हवाईछत्रीने खाली उतरतात. कुठे उतरतील, हे वारा ठरवतो. म्हणून ही संस्था हंगामाच्या आधी तेलंगण, आंध्र, कर्नाटक आणि महाराष्ट्रातल्या काही जिल्ह्यांसाठी, ज्यांत सोलापूर, धाराशिव, लातूर आणि नांदेडही येतात, एक सूचना प्रसिद्ध करीत आली आहे: शेतात अशी छत्री व पेटी पडलेली आढळली, तर तिला हात लावू नये, जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा टपाल कार्यालयात कळवावे, कळवणाऱ्यास योग्य बक्षीस व खर्च दिला जाईल. ही सूचना वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात अनेकांनी वाचली असेल. अशा पेट्यांतून भारतीय क्ष-किरण खगोलशास्त्र वाढले आणि त्याची राखण काही अंशी ज्वारी-तुरीच्या रानांतल्या माणसांनी केली. विज्ञानाच्या इतिहासात त्यांची नावे येत नाहीत, हे खटकावे असे आहे.

दुसरा धागा अहमदाबादचा. तिथल्या एका जैन उद्योगपती घराण्यात जन्मलेल्या विक्रम साराभाई यांनी बंगळूरला सी. व्ही. रामन यांच्या मार्गदर्शनाखाली विश्वकिरणांचा अभ्यास सुरू केला आणि १९४७ च्या नोव्हेंबरमध्ये अहमदाबादेत भौतिक संशोधन प्रयोगशाळा स्थापन केली. तिची सुरुवात घरच्या वास्तूतून झाली होती. गिरणीच्या भोंग्यावर ज्या शहराचा दिवस चालत असे, तिथे आकाशातून येणाऱ्या कणांची मोजणी सुरू होणे ही त्या काळी विक्षिप्त वाटावी अशीच गोष्ट होती. साराभाईंनी थुंबा येथे उभारलेल्या अग्निबाण तळावरून साठच्या दशकात क्ष-किरण ताऱ्यांची निरीक्षणे झाली. १९७५ च्या एप्रिलमध्ये गेलेल्या आर्यभट या पहिल्या भारतीय उपग्रहावरही क्ष-किरणांचा एक प्रयोग होता, परंतु वीजपुरवठ्यातील बिघाडामुळे उपग्रहावरचे प्रयोग चार-पाच दिवसांतच बंद पडले. साराभाई तोपर्यंत हयात नव्हते. १९९६ मध्ये दुसऱ्याच कामाच्या उपग्रहावर एक लहान क्ष-किरण प्रयोग बसवून पाठवण्यात आला. मग २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून ॲस्ट्रोसॅट गेला: पूर्णतः खगोलशास्त्रासाठी असलेली भारताची पहिली वेधशाळा. आर्यभटापासून इथपर्यंत चाळीस वर्षे.

ॲस्ट्रोसॅट साडेसहाशे किलोमीटर उंचीवरून, विषुववृत्ताला फक्त सहा अंशांनी तिरकी असलेल्या कक्षेत फिरतो. म्हणजे आष्टीच्या माथ्यावरून तो कधीच जात नाही. दक्षिण अटलांटिकवरचा विद्युतभारित कणांचा पट्टा शक्य तितका टाळावा, म्हणून ही कक्षा निवडलेली आहे. त्याच्यावरच्या उपकरणांपैकी एकाचे नाव उच्चारायला अवघड आहे: कॅडमियम-झिंक-टेल्युराइड इमेजर. मुंबईच्या टाटा संस्थेत त्याची मुख्य जुळणी झाली. पुण्याची आयुका, अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा आणि इस्रोची केंद्रे यांचाही त्यात वाटा होता. टाटा संस्थेचे ए. आर. राव, आयुकाचे दीपंकर भट्टाचार्य, अहमदाबादचे संतोष वडवले ही त्यातली काही प्रमुख नावे.

जास्त ऊर्जेचे क्ष-किरण आरशाने एकत्र करणे फार कठीण. ते आरशातून आरपार जातात. म्हणून या उपकरणात आरसा नाही. वर टँटॅलम धातूचा पातळ पत्रा आहे आणि त्यात ठरावीक आराखड्याने भोके पाडलेली आहेत, रांगोळीच्या छापासारखी. खाली स्फटिकांचा तक्ता: चौसष्ट तुकडे, प्रत्येकात दोनशे छप्पन्न घरे, एकूण १६,३८४ घरे. दिवा खोलीत कुठे आहे हे न पाहताही भिंतीवर पडलेल्या जाळीच्या सावलीवरून ओळखता येते; तसे पत्र्याची सावली तक्त्यावर कशी पडली यावरून क्ष-किरण कोठून आले हे काढायचे. उपकरणाचे मुख्य काम हेच होते. पण त्याच्या स्फटिकांत आणखी एक क्षमता आहे, हे अहमदाबादच्या गटाने उड्डाणापूर्वीच प्रयोगशाळेत तपासून ठेवले होते. ती क्षमता म्हणजे ध्रुवणाचे मापन.

ध्रुवण म्हणजे काय? खुंट्याला बांधलेला कासरा दुसऱ्या टोकाला धरून हलवावा. हात खाली-वर केला तर लाट उभी धावते, आडवा हलवला तर आडवी. प्रकाशाची लाटही अशी उभी, आडवी किंवा तिरपी असू शकते. सगळ्या दिशांची सरमिसळ असेल तर ध्रुवण नाही. एका दिशेचे प्राबल्य असेल तर आहे. गिरक्या घेणारे इलेक्ट्रॉन जो प्रकाश देतात, त्याच्या लाटेची दिशा तिथल्या चुंबकीय रेषांवरून ठरते. म्हणून ध्रुवण मोजणे म्हणजे साडेसहा हजार प्रकाशवर्षांवरून तिथल्या चुंबकीय रेषांना हात लावून पाहणे होय. चित्रातून आणि तेजाच्या मोजणीतून हे कळत नाही.

आणि ते मोजायचे कसे? कॅरमचा खेळ येथे उपयोगी पडतो. क्ष-किरणाचा एक कण तक्त्यावरच्या एका घरात येतो, तिथल्या इलेक्ट्रॉनला धक्का देतो आणि स्वतः उडून शेजारच्या घरात जाऊन थांबतो. कोणत्या शेजाऱ्याकडे? लाटेच्या दिशेला काटकोनात उडण्याकडे त्याचा कल अधिक असतो. एका कणावरून काहीच ठरत नाही. पण हजारो कणांची उडी आठ दिशांपैकी कोणकोणत्या घरांकडे गेली याची मोजदाद केली, की कल दिसू लागतो. ही पद्धत १०० ते ३८० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट एवढ्या ऊर्जेला चालते. रुग्णालयातल्या क्ष-किरणांच्या बरोबरीची आणि त्याहूनही अधिक. या पट्ट्यात येणारे कण मोजकेच असतात. त्यामुळे एकच उपाय उरतो: पाहत राहणे.

ॲस्ट्रोसॅटने अठरा महिन्यांत, तुकड्या-तुकड्यांनी, एकूण सुमारे आठ लाख सेकंद क्रॅबकडे पाहिले. त्या अवधीत पल्सारच्या जवळजवळ २ कोटी ४० लाख फेऱ्या झाल्या.

आता अडचण अशी, की प्रत्येक कण फेरीच्या कोणत्या क्षणी निघाला हे कळल्याशिवाय या साठ्याचा अर्धा उपयोग वाया जातो. सर्व फेऱ्या एकमेकींवर बिनचूक बसवायच्या आणि त्यातून एकच सरासरी फेरी उभी करायची. पण पल्सारचे घड्याळ मंदावत असते. एका फेरीचा काळ रोज केवळ ३६ अब्जांश सेकंदांनी लांबतो. मात्र ही चूक साचत जाते. मंदावणे विसरून अठरा महिने मोजले, तर सुमारे चार लाख फेऱ्यांचा फरक पडेल. शिवाय मध्येच कधी पल्सार झटका खाऊन किंचित वेगाने फिरू लागतो. यासाठी जमिनीवरून त्याच्यावर सतत कान ठेवावा लागतो. ते काम उटीच्या रेडिओ दुर्बिणीने आणि जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीने केले. खोडद आष्टीहून सरळ रेषेत सुमारे सव्वाशे किलोमीटरवर आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस थाळ्या तिथे नारायणगावच्या परिसरातल्या शेतांमध्ये उभ्या आहेत. वर फिरणाऱ्या वेधशाळेला वेळ सांगणारे घड्याळ असे खाली, द्राक्ष-टोमॅटोच्या रानात होते.

एका फेरीत क्रॅबचे दोन ठोके येतात, एक जोरदार आणि दुसरा थोड्या अंतराने. त्यानंतर पुढचा ठोका येईपर्यंत काही काळ शांतता असते. हा काळ अनेक दशके उपयोगाचा मानला गेला, पण वेगळ्याच कारणासाठी. या काळात पल्सार गप्प असतो आणि जो प्रकाश येतो तो केवळ भोवतीच्या तेजोमेघाचा, असे गृहीत धरले जाई. म्हणून शांत काळातला प्रकाश मोजायचा आणि तो ठोक्यांच्या काळातून वजा करायचा, की उरेल ते पल्सारचे. दुकानात भांड्याचे वजन आधी करून नंतर धान्यासकट केलेल्या वजनातून ते वजा करावे, तसे.

नोव्हेंबर २०१७ मध्ये 'नेचर ॲस्ट्रॉनॉमी' या नियतकालिकात वडवले आणि सहकाऱ्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. क्रॅबच्या एकूण प्रकाशाचे ध्रुवण सुमारे ३३ टक्के निघाले आणि त्याची दिशा पल्सारच्या अक्षाशी मेळ खाणारी होती. इतक्या ऊर्जेला इतके स्पष्ट मापन पूर्वी झाले नव्हते. पण निबंधातला खरा धक्का पुढे होता. शांत काळाचे बारीक तुकडे पाडून पाहिल्यावर तिथे ध्रुवण स्थिर नव्हते. ते झपाट्याने बदलत होते.

यात नवल काय, हे सांगायला तेजोमेघाचा आकार पुरेसा आहे. चंद्राने दाखवलेले ते कडेच सुमारे एक प्रकाशवर्ष रुंद. त्याच्या एका काठाची खबर दुसऱ्या काठाला पोचायला वर्ष लागते. अशी वस्तू सेकंदाच्या तिसाव्या भागात, तीही पल्सारच्या तालावर, आपली दिशा बदलू शकत नाही. म्हणजे शांत काळातला काही प्रकाश तेजोमेघाचा नसून पल्सारच्या अगदी जवळचा, त्याच्या फिरण्याशी बांधलेला असला पाहिजे. भांडे म्हणून ज्याचे वजन केले, त्यातच थोडे धान्य होते. पल्सारचा प्रकाश नेमका कुठे जन्मतो याची जी सैद्धांतिक चित्रे प्रचलित होती, त्यांपैकी कोणतेही या बदलाशी सहज जुळत नव्हते.

इथपर्यंतची कथा अभिमानाने सांगितली गेली आणि ते योग्यच होते. त्यापुढचा भाग मात्र सामान्य वाचकापर्यंत क्वचितच पोचला. स्वीडनच्या एका गटाने पोगो प्लस नावाचे ध्रुवणमापक २०१६ च्या जुलैमध्ये फुग्याला बांधून उत्तर ध्रुवाच्या बाजूने, स्वीडनहून कॅनडापर्यंत उडवले होते. हैदराबादची जी जुनी वाट, तीच. त्यांचे उपकरण १८ ते १६० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या पट्ट्यात पाहणारे. म्हणजे दोन्ही पट्टे थोडेसे एकमेकांवर येतात. भारतीय निबंध वाचल्यावर त्यांनी स्वतःच्या नोंदी तशाच बारीक तुकड्यांत विभागून पाहिल्या. शांत काळातला बदल त्यांना आढळला नाही. २०१८ मध्ये त्यांनी आणखी एक पाऊल टाकले: ॲस्ट्रोसॅटचे प्रसिद्ध आकडे घेऊन, कण थोडे असताना चुकीचा हिशेब कसा करावा याची वेगळी रीत लावून, दोन्ही मोजणी स्वतंत्रपणे आणि एकत्र तपासली. त्यांचा निष्कर्ष असा, की बदल खराच आहे असे म्हणण्याइतका पुरावा भरत नाही.

हा वाद समजून घेण्यासारखा आहे, कारण त्यात कोणी कोणाला खोटे ठरवलेले नाही. ध्रुवणाचे प्रमाण उणे असूच शकत नाही. त्यामुळे प्रत्यक्षात काहीच नसले, तरी थोड्या कणांच्या मोजणीत थोडेसे ध्रुवण 'दिसते'च. दहा वेळा नाणे उडवले तर बरोबर पाच छापा क्वचितच पडतात. उरलेला फरक नाण्याचा दोष नसतो. शांत काळाचे तुकडे जितके बारीक करावेत, तितके प्रत्येक तुकड्यातले कण कमी होतात आणि हा आभास वाढतो. तुकडे जाड ठेवावेत, तर जो झपाट्याचा बदल शोधायचा तोच पुसला जातो. भारतीय गटाने धाडस एका बाजूला केले, स्वीडिश गटाने सावधपणा दुसऱ्या बाजूला. आणि स्वीडिश मोजणीची ऊर्जा बरीचशी खालची. वरच्या पट्ट्यात शांत काळात काय घडते, याला त्या फुग्याचे उत्तर पूर्ण लागू होत नाही. भांड्यात धान्य होते की नव्हते, हा प्रश्न त्यामुळे उघडाच राहिला. एकूण ध्रुवणाच्या मापनाला मात्र या वादाने धक्का लागलेला नाही, हे विसरता कामा नये. वादाचा विषय तेवढ्या शांत क्षणांपुरता आहे.

तो मिटवायचा तर कण वाढले पाहिजेत, म्हणजे अधिक मोठे उपकरण किंवा अधिक वर्षे. ॲस्ट्रोसॅट पाच वर्षांसाठी आखलेला होता आणि त्यानंतरही तो काम करीत राहिला. अमेरिका आणि इटली यांचा आयएक्सपीई हा उपग्रह २०२१ च्या डिसेंबरमध्ये गेला. त्याने दोन ते आठ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या कोमल क्ष-किरणांत क्रॅबच्या कड्यातल्या चुंबकीय रेषांचा नकाशाच काढला. रेषा पल्सारभोवती कड्यासारख्या गुंडाळलेल्या आहेत, हे त्यातून प्रथमच इतके स्वच्छ दिसले. पल्सारच्या स्वतःच्या प्रकाशात मात्र त्याला मुख्य ठोक्याच्या माथ्यापुरतेच, सुमारे पंधरा टक्के, ध्रुवण खात्रीने सापडले. हे अनेकांच्या अपेक्षेपेक्षा बरेच कमी होते. सिद्धांत मांडणाऱ्यांची अडचण यामुळे कमी झाली नाही, वाढलीच.

भारताचा पुढचा उपग्रह एक्सपोसॅट १ जानेवारी २०२४ च्या सकाळी श्रीहरिकोट्याहून निघाला. त्याच्यावरचे पोलिक्स हे ध्रुवणमापक बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेने बनवले आहे; ज्या रामन यांच्याकडे तरुण साराभाई विश्वकिरण शिकायला गेले, त्यांनीच स्थापन केलेली ही संस्था. पोलिक्सचा पट्टा आठ ते तीस किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचा. म्हणजे अमेरिकी उपग्रह जिथे थांबतो आणि स्वीडिश फुगा जिथे सुरू होतो, त्यांच्या मधली पोकळी तो भरतो. ॲस्ट्रोसॅटच्या वरच्या पट्ट्यापर्यंत मात्र तोही पोचत नाही.

पोलिक्सने आपले पहिले निरीक्षण कोणाचे करावे, याबद्दल फारसा विचार करावा लागला नसणार. १५ ते १८ जानेवारी २०२४ या दिवसांत त्याने क्रॅबकडे पाहिले आणि पहिला आलेख पाठवला: एक जोरदार ठोका, एक लहान ठोका, आणि मग पुढच्या ठोक्यापर्यंतची ती सपाट रेषा. त्या चार रात्री दहाच्या सुमारास तो तेजोमेघ आष्टीच्या माथ्यापासून तीन-साडेतीन अंशांवर होता.